हिस्से ठरलेले आहेत, कागद मात्र ठरलेले नाहीत

आपल्या व्यापारी बांधवांपुढे वसीयतीचा किंवा वारसाहक्काचा विषय काढला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : "शरियतने सगळ्यांचे हिस्से ठरवून दिले आहेत, आता आपण वेगळे काय करायचे?" हे उत्तर अर्धे खरे आहे. हिस्से ठरलेले आहेत, यात शंका नाही. परंतु हिस्सा कशातून द्यायचा, ती वस्तू कोणाच्या नावावर आहे, ती मयताची होती हे कोणत्या कागदाने सिद्ध होते, या गोष्टी कोणी ठरवून दिलेल्या नाहीत. त्या प्रत्येकाने आपल्या हयातीत ठरवायच्या असतात.

अँटॉप हिलचेच उदाहरण घ्या. शेख मिस्री दर्ग्याच्या परिसरापासून कोकरी आगार, संगम नगरपर्यंत ज्यांनी एका शिलाई मशिनीवर किंवा कापडाच्या गठ्ठ्यावर धंदा उभा केला, ते आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याजवळ काय आहे? कोणाजवळ पागडीचा गाळा, कोणाजवळ झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिका, उधारीची वही, गावाकडे थोडी शेती आणि वीस वर्षे गल्ल्यावर बसलेला थोरला मुलगा. नोकरदाराला निवृत्तिवेतन असते. दुकानदाराचे निवृत्तिवेतन म्हणजे त्याचे दुकान. व्याज नको म्हणून पुष्कळजण मुदत ठेवीही ठेवत नाहीत. अशा वेळी दुकान व घर यांचे कागद सरळ नसतील तर म्हातारपणी स्वतःची आणि नंतर विधवेची व मुलींची फरफट होते.

मुंबईचा जुना धडा

कायदा आपोआप शरियतप्रमाणे चालतो, हा समज मुंबईच्या इतिहासाला धरून नाही. १८४७ साली मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात खोजा व मेमन समाजातील वारसाहक्काचे खटले न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यापुढे चालले. मुलींनी कुरआनप्रमाणे आपला हिस्सा मागितला होता. या जमातींत मुलींना वारसा न देण्याची रूढी आहे असे न्यायालयाने मान्य केले आणि मुली हरल्या. पुढे १९३७ साली शरियत कायदा झाला. १९३८ साली कच्छी मेमन समाजासाठी वेगळा कायदा झाला, तेव्हा त्यांनाही वारसा व वसीयतीबाबत मुस्लिम कायदा लागू झाला. म्हणजे मुंबईच्या व्यापारी घराण्यांतील मुलींना आपला हक्क कायद्यात दिसायला नव्वद वर्षे लागली.

त्या १९३७ च्या कायद्यातूनही शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे गावची शेती असेल तर तिथल्या राज्याचा महसुली कायदा पाहावा लागतो. उदाहरणार्थ, उत्तर प्रदेशात शेतजमिनीचा वारसा तिथल्या महसूल संहितेने ठरतो, शरियतच्या हिश्श्यांनी नव्हे.

आधी देणी, मग वसीयत, शेवटी वाटप

तरक्याच्या वाटपाचा एक क्रम आहे आणि तो मोडता येत नाही. प्रथम कफन-दफनाचा खर्च, नंतर सर्व कर्ज व देणी, नंतर वसीयत, आणि जे उरेल त्याचे वारसांत हिस्से. पत्नीचा न दिलेला मेहर हेसुद्धा कर्जच आहे. तो तिच्या वारसाहक्काच्या हिश्श्यात धरायचा नसतो. तो आधी वेगळा काढायचा असतो.

हिशेब करून पाहू. समजा, एका कापड दुकानदाराच्या मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत. तिसरा मुलगा बापाच्या आधी वारला, त्याची लहान मुले आहेत. स्वतःच्या मालकीचा गाळा ६० लाख, घर ३५ लाख, माल व येणे उधारी १२ लाख आणि बँकेत ३ लाख, असे एकूण १ कोटी १० लाख रुपये. दफन व हॉस्पिटलचा खर्च २ लाख, व्यापाऱ्यांची देणी ७ लाख, मेहर १ लाख, असे १० लाख वजा जाता १ कोटी उरले. मयताने नातवंडांसाठी १६ लाखांची वसीयत केली होती. ती दिल्यावर ८४ लाख राहिले. मुले असल्यामुळे पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश, म्हणजे साडेदहा लाख. बाकी साडेत्र्याहत्तर लाखांत मुलाचे दोन व मुलीचा एक या प्रमाणात वाटप होऊन प्रत्येक मुलाला साडेचोवीस लाख व प्रत्येक मुलीला सव्वाबारा लाख मिळतील.

आता वसीयत नसती तर काय झाले असते? मुलगे हयात असताना आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना वारसा मिळत नाही. त्या यतीम नातवंडांच्या हाती एक पैसाही आला नसता. इजिप्तने १९४६ च्या कायद्याने अशा नातवंडांसाठी एक तृतीयांशाच्या मर्यादेत सक्तीची वसीयत आणली. पाकिस्तानने १९६१ साली त्यांना थेट वारसाहक्कच दिला. आपल्या देशात असा कायदा नाही. म्हणून ज्या घरात तरुण मुलगा वारला आहे त्या घरातील आजोबाने वसीयत लिहिणे ही ऐच्छिक बाब समजू नये. त्या मुलांची शाळा चालू राहील की नाही, हे त्या एका कागदावर अवलंबून आहे.

एक तृतीयांशाची मर्यादा

वसीयत कितीची करता येते? देणी फेडल्यावर जे उरते त्याच्या एक तृतीयांशापर्यंत. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी आजारपणात बहुतेक सर्व माल खैरात करण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. ही मर्यादा तिथून आली आहे.

सुन्नी कायद्यात दुसरी अट अशी की जो मुळात वारस आहे त्याच्या नावे वसीयत करायची तर मृत्यूनंतर बाकीच्या वारसांची संमती लागते. "थोरल्याला दुकान, धाकट्याला घर" अशी चिठ्ठी लिहून ठेवणारे वडील इथेच फसतात. एकाही बहिणीने नाही म्हटले तर तिच्या हिश्श्यापुरती ती चिठ्ठी निकामी होते. शिया कायद्यात एक तृतीयांशाच्या आत वारसालाही देता येते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झाले असेल तर सर्व प्रकरण १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात जाते. आपण कोणत्या वर्गात बसतो हे आधी पाहावे.

मुसलमानाची वसीयत तोंडीसुद्धा वैध असते, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. उर्दूत लिहिलेली वसीयतही चालते. परंतु तोंडी वसीयत सिद्ध करताना साक्षीदारांची आठवण व नातेवाइकांची नियत या दोन्हींची परीक्षा होते. म्हणून लिहावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि शक्य असल्यास दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, म्हणजे वेळेला हयात राहतील.

पागडीचा गाळा आणि गल्ल्यावरचा मुलगा

आपल्या घरांतील सर्वात मोठी भांडणे इथे होतात. पागडीच्या गाळ्याची किंमत बाजारात मालकीच्या गाळ्यासारखी बोलली जाते, पण कायद्याने ती भाडेकरूची जागा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) सांगतो की धंद्याच्या जागेतील भाडेकरू वारल्यास, मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणारा कुटुंबातील माणूस भाडेकरू होतो. असा कोणी नसेल तरच इतर वारसाचा विचार होतो, आणि एकमत नसेल तर न्यायालय ठरवते. राहत्या जागेला हाच नियम सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाबाबत आहे. जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडेकरूपणाचा हक्क वसीयतीने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ठरवले होते. सारांश, पागडीचा गाळा शरियतच्या हिश्श्यांप्रमाणे आपोआप वाटला जात नाही. दुकानात बसणाऱ्या मुलाच्या हाती तो जाण्याचा संभव जास्त आणि सासरी गेलेल्या मुलीचा कमी. ही गोष्ट माहीत असलेल्या बापाने हयातीतच दुसऱ्या मिळकतीतून किंवा रोखीतून मुलींची भरपाई करून ठेवावी, अथवा सर्वांना बसवून लेखी समझोता करावा.

याच्या उलट अन्यायही होतो. मालकीच्या दुकानात थोरला मुलगा वीस वर्षे राबतो, पगार घेत नाही, धंदा दुप्पट करतो. बाप वारल्यावर त्याला कळते की कायद्याने तो इतर भावंडांसारखाच एक वारस आहे. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाची मिळकत ही कल्पना नाही. बापाच्या नावावरचा धंदा बापाचाच. मुलाची मेहनत खरी असेल तर तिला नाव द्या. एक तर दरमहा पगार लावा आणि तो वहीत लिहा, नाहीतर भागीदारी करारनामा करून त्याचा टक्का ठरवा व फर्म नोंदवा.

भागीदारीतही एक कलम विसरू नये. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. म्हणून उरलेले भागीदार धंदा पुढे चालवतील, मयताचे भांडवल किती दिवसांत व कोणत्या हिशेबाने वारसांना देतील, हे करारात लिहावे. हिशेब न मिटवता धंदा चालू ठेवला तर वारसांना त्या भांडवलावर झालेल्या नफ्याचा वाटा किंवा सहा टक्के व्याज यांपैकी एक निवडता येते. ज्यांना व्याज नको त्यांनी नफ्याचा वाटा मागावा. कायद्याने तो रस्ता दिलेला आहे.

एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मालकाबरोबर त्याची जीएसटी नोंदणीही संपते. वारसाला नवी नोंदणी घेऊन शिल्लक इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ या अर्जाने आपल्याकडे वळवावे लागते. उधारीची वसुली साधारणपणे तीन वर्षांत मुदतबाह्य होते. तेव्हा वही अद्ययावत ठेवणे आणि मोठ्या येण्यांवर दरवर्षी समोरच्याची सही घेणे, हेही वारसांसाठी केलेले कामच आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँकेत, विम्यात, सोसायटीत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले त्यालाच सर्व मिळते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. नॉमिनी हा रक्कम ताब्यात घेणारा अमानतदार असतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८४ साली आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. विमा कायद्यात मात्र २०१५ साली दुरुस्ती होऊन आई-वडील, पती-पत्नी व मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानण्याची तरतूद आली; म्हणून पॉलिसीपुरता वेगळा सल्ला घ्यावा. सहकारी गृहनिर्माण संस्थेत २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला फक्त हंगामी सभासद केले जाते.

तरीही नॉमिनी लावलाच पाहिजे, कारण त्यामुळे पैसा अडकत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि ठेवीत प्रत्येकाची टक्केवारीही लिहिता येते. या सोयीचा फायदा घ्यावा. पत्नी व मुलींची नावे टक्केवारीसह लिहिली तर कागद आणि हक्क जवळ येतात.

हिबा : देताना स्वतःला उघड्यावर टाकू नका

वसीयतीला मर्यादा आहे, हिब्याला नाही. माणूस हयातीत आपली सर्व मिळकत कोणालाही देऊ शकतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. ताबा दिला नाही तर नुसता कागद कामाचा नाही. नोंदणी नसली तरी असा हिबा वैध ठरू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे, पण सोसायटी व बँक यांच्या दारात नोंदणीकृत दस्तच चालतो. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुले, नातवंडे व मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळे. दुकान-गाळ्याला ही सवलत नाही. पुनर्वसन योजनेतील सदनिका ठराविक मुदतीपर्यंत विकता, बक्षीस देता किंवा भाड्याने देता येत नाही, वारसाने मात्र जाते. आणि मरणाच्या आजारात केलेला हिबा वसीयतीसारखा धरला जातो, त्याला एक तृतीयांशाची मर्यादा लागते. म्हणून हॉस्पिटलच्या खाटेवर अंगठे घेण्यात अर्थ नाही.

इथे एक गंभीर इशारा द्यावासा वाटतो. ताबा देऊन झालेला, मुलाच्या किंवा पत्नीच्या नावचा हिबा परत घेता येत नाही. सर्व मिळकत एका मुलाच्या नावे करून नंतर चहाच्या पैशासाठी सुनेकडे पाहणारे वृद्ध आपल्या वस्तीत आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ अशा वेळी मदतीला येते. मिळकत देताना सांभाळ करण्याची अट असेल आणि तो केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकते. पण अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगून एका आईला तिची मिळकत परत मिळवून दिली. बोध एवढाच की हिब्याच्या दस्तात "देणाऱ्याचा आयुष्यभर सांभाळ, औषधोपचार व राहण्याची सोय घेणारा करील" हे वाक्य वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्यावे. याच कायद्याखाली मुलांकडून दरमहा १० हजार रुपयांपर्यंत पोटगीही मागता येते. मूलबाळ नसेल तर जो नातेवाईक वारस होणार आहे त्याच्याकडून मागता येते. मुंबई शहरातील रहिवाशांनी अर्जाची चौकशी फोर्टमधील जुन्या कस्टम हाऊसमध्ये जिल्हाधिकारी कार्यालयात करावी.

यापेक्षा सोपा उपाय म्हणजे राहते घर व उत्पन्नाचे एक साधन अखेरपर्यंत स्वतःच्या व पत्नीच्या नावावर ठेवणे. मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे. हात देणारा राहिला तर घरात मान राहतो, एवढ्यासाठी.

शुद्ध हरपल्यावर काय

पक्षाघात झाला किंवा स्मृती गेली तर दुकानाचे चेक कोण सही करणार? मुलाच्या नावे मुखत्यारनामा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. मुखत्यारनामा देणाऱ्याच्या मृत्यूने संपतो, आणि देणारा समज गमावून बसला तरी त्याचा आधार जातो. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने कोमात असलेल्या पतीच्या कारभारासाठी पत्नीला पालक नेमले, पण त्यासाठी तिला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. घरखर्चाचे खाते पत्नीसोबत संयुक्त करून दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असे ठेवले, तर निदान औषध-पाण्याचे पैसे अडत नाहीत.

या महिन्यात करायची कामे

१. आपली सर्व मिळकत, येणे व देणे एका वहीत लिहा. मेहर दिला की नाही, किती बाकी आहे, तेही लिहा. शक्य असेल तर तो हयातीतच द्या.

२. नावांचे स्पेलिंग तपासा. आधारवर मोहम्मद, पासबुकात मोहंमद आणि भाडेपावतीवर मोहमद, अशी तीन माणसे एकाच माणसात असतात व वारसांना वर्षभर फिरवतात.

३. भाडेपावती कोणाच्या नावे आहे ते पाहा. आजोबांच्या नावे असेल तर आजच बदलण्याचा अर्ज द्या.

४. मुलगा दुकानात बसत असेल तर पगार किंवा भागीदारी, दोन्हींपैकी एक कागदावर आणा.

५. यतीम नातवंडे असतील, किंवा ज्यांना वारसा मिळत नाही असे गरजू नातेवाईक असतील, तर वसीयत लिहा.

६. मुलींकडून आगाऊ हक्कसोडपत्र घेऊ नका. बाप हयात असताना मुलीला वारसाहक्क निर्माणच झालेला नसतो, मग ती सोडणार काय? लग्नात दिलेले दागिने हा तिचा हिस्सा नव्हे.

७. ही सर्व माहिती पत्नीला सांगा. कागद कुठे ठेवले आहेत हे फक्त थोरल्या मुलाला माहीत असणे, हे भांडणाचे बीज आहे.

दस्त करण्यापूर्वी मुस्लिम कायदा जाणणाऱ्या वकिलाला आणि हिस्से काढण्यासाठी जाणकार आलिमाला, दोघांनाही विचारावे. एकाचा सल्ला दुसऱ्याची जागा घेत नाही. दोघांचा मिळून जो खर्च येईल तो दिवाणी न्यायालयातील दाव्याच्या एका वर्षाच्या खर्चापेक्षा कमीच असेल.

माल विकताना आपण गजाने मोजून देतो, वहीत लिहितो आणि पावती फाडतो. अनोळखी गिऱ्हाइकाशी जो हिशेब चोख ठेवतो, त्याने आपल्या बायकोशी, मुलीशी आणि नातवाशी तो तोंडी ठेवू नये.